बॉयलर रूम कुणाची? टेक्नोचे जुने चाहते का वैतागलेत

रील्स स्क्रोल करताना हा सीन तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. एक डीजे, त्याच्यापुढे बटणांनी भरलेलं मशीन आणि त्याच्या पाठीमागे खांद्याला खांदा लावून नाचणारी पोरंपोरी. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. बीट अचानक थांबतो, दोन सेकंद शांतता, मग धाडकन ड्रॉप पडतो आणि मागची अख्खी गर्दी उसळते. खाली कमेंट: 'भावा, इथे जायचंय एकदा.'

ही फ्रेम जगभर पसरवली ती 'बॉयलर रूम' नावाच्या लंडनच्या कंपनीने. यूट्यूबवर टेक्नो, हाउस, ड्रम अँड बेस असलं काही शोधलंत की तिचे व्हिडिओ वर येतातच. पण २०२५ मध्ये गंमत उलटी झाली. ज्या डीजेंनी आणि चाहत्यांनी हे नाव मोठं केलं, तेच तिथे वाजवायला आणि जायला नकार देऊ लागले. कार्यक्रम रद्द झाले, खुली पत्रं निघाली. वरवर बघितलं तर हे मालकी बदलल्याचं भांडण आहे. पण जुन्या चाहत्यांची नाराजी त्याच्या बरीच आधीची आहे, आणि तिची सुरुवात एका वेबकॅमपासून होते.

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'डीजे लावलाय' म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यापुढे येते. इथे डीजे म्हणजे माणूस, जो दोन-तीन ट्रॅक एकमेकांत असे मिसळतो की जोड कुठे आहे ते कळत नाही. टेक्नोचा एक ट्रॅक सहज सहा-आठ मिनिटांचा असतो आणि त्यात बदल हळूहळू होतात. मैफलीत आलाप चढत जावा तसं. रात्रभर तोच एक ठेका चालू असतो आणि त्यातल्या बारीकसारीक फरकांत माणूस हरवतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

भिंतीला चिकटवलेला कॅमेरा

२०१० मध्ये लंडनमध्ये ब्लेझ बेलव्हिल याने काही मित्रांना घेऊन एका जुन्या, वापरात नसलेल्या बॉयलरच्या खोलीत डीजे बोलावले. नाव तिथूनच आलं. खर्च जवळपास शून्य: एक वेबकॅम टेपने भिंतीला चिकटवला आणि तेव्हाच्या यूस्ट्रीम या साइटवरून प्रक्षेपण सुरू केलं. आज इन्स्टावर लाइव्ह जायला एक टॅप पुरतो. त्या काळात ही चैन होती.

कॅमेरा डीजेच्या तोंडासमोर होता आणि खोली लहान, त्यामुळे उरलेले लोक डीजेच्या मागे उभे राहिले. पुढे हीच या कंपनीची ओळख बनली.

यात काय एवढं? तर त्याआधीचा डान्स फ्लोअर नेमका उलटा होता. बर्लिनमध्ये १९९१ साली सुरू झालेला ट्रेझर हा क्लब एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोल्यांत होता. अंधार, धूर, फ्लॅश होणारा एखादा दिवा. डीजे कुठेतरी कोपऱ्यात, आणि त्याच्याकडे बघत उभं राहायची पद्धत नव्हती. लोक एकमेकांत नाचायचे, नाहीतर डोळे मिटून एकटे. हा अंधार गरजेचा होता. हाउस संगीत शिकागोच्या ज्या वेअरहाउस क्लबमधून आलं, तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचा आणि समोर नाचणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि गे होते. बाहेरच्या जगात ओळख उघड झाली तर नोकरी, घर, मार, सगळंच धोक्यात. आत कुणी बघत नव्हतं, म्हणून आत मोकळं होता येत होतं. डेट्रॉइटमध्ये ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय मित्रांनी टेक्नो घडवलं, तेही मोडकळीला आलेल्या कारखान्यांच्या शहरात.

बर्लिनच्या बर्गहाइनमध्ये आजही दारावर तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवतात, पुढच्या आणि मागच्या दोन्ही. लंडनच्या फॅब्रिकने २०२१ मध्ये पुन्हा दारं उघडताना फोटो-व्हिडिओ बंद केले. लोकांना हा शिष्टपणा वाटतो. मला तो सगळ्यात स्वस्त प्रायव्हसी फीचर वाटतो: ना सेटिंग, ना पासवर्ड, एक गोल स्टिकर.

बॉयलर रूमने या अंधाऱ्या खोलीत कॅमेरा आणला, आणि सुरुवातीला जुन्या मंडळींनाही ते आवडलं. कारण सरळ आहे. लंडनच्या त्या खोलीत मावणार किती जण? पन्नास, शंभर. बाकी जगाला दार बंद. वेबकॅममुळे लातूरच्या होस्टेलमधला एखादा पोरगाही रात्री हेडफोन घालून तिथे 'हजर' राहू शकला. कुठला डीजे काय वाजवतो, एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर कसा जातो, त्याची बोटं कुठे फिरतात, हे सगळं फुकट दिसायला लागलं. डीजेगिरी स्क्रीनवर बघून शिकलेल्यांची एक मोठी पिढी आहे आणि या चॅनलचं तिच्यावर ऋण आहे. हे मान्य न करता टीका करणं म्हणजे कृतघ्नपणाच.

गर्दीचाच कंटेंट झाला

बिघडलं कुठे? माझ्या मते तीन गोष्टी एकामागोमाग एक झाल्या, आणि त्यातली एकही एका दिवसात झाली नाही.

कॅमेऱ्यामागे लोक आहेत हे कळल्यावर लोक कॅमेऱ्यासाठी नाचू लागले. डीजेच्या मागची जागा ही दिसण्याची जागा झाली. व्हिडिओत मागे कोण काय करतोय यावर मीम बनू लागले. लाइव्ह चॅटमध्ये डीजेच्या दिसण्यावर, विशेषतः बाई डीजे असेल तर, इतकी घाण येऊ लागली की शेवटी कंपनीला चॅटवर लक्ष ठेवायला माणसं बसवावी लागली. जिथे कुणी बघत नाही म्हणून लोक येत होते, तिथे आता सगळं जग बघत होतं.

मग आला उभा व्हिडिओ. टिकटॉक आणि रील्सचा अल्गोरिदम काय मोजतो? तुम्ही थांबलात की सरकवलंत, पूर्ण पाहिलं का, पुन्हा पाहिलं का, मित्राला पाठवलं का. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही घडलं नाही तर अंगठा वर सरकतो. आता मघाशी सांगितलेलं आठवा: टेक्नोचा ट्रॅक आठ मिनिटं हळूहळू चढतो. त्या आठ मिनिटांतून रीलला कामाचे सेकंद निघतात पंधरा, ते म्हणजे ड्रॉप. ज्या डीजेचे ड्रॉप जास्त, ओळखीच्या गाण्यांचे रिमिक्स जास्त, हातवारे जास्त, त्याच्या क्लिप पसरतात. क्लिप पसरल्या की फॉलोअर वाढतात, आणि आयोजक डीजे बोलावताना फॉलोअर बघतात. एकदा हे चक्र फिरायला लागलं की मिक्सिंगचं कौशल्य मागे पडतं, कारण उत्तम मिक्सिंग म्हणजे जोड न दिसणं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची रील होत नाही!

वेगही वाढला. बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके. टेक्नो साधारण १२५ ते १३५ मध्ये चालायचा. कोविडनंतर हार्ड टेक्नोची लाट आली आणि १४५, १५० आणि त्याहून वरचा वेग मोठ्या मंचांवर सर्रास झाला. सगळा दोष रील्सवर टाकता येणार नाही, नव्वदच्या दशकातही झपाट्याने वाजवणारे होतेच. पण पंधरा सेकंदांत पकड घ्यायची तर वेग हे सोपं हत्यार आहे.

जुलै २०२२ मध्ये फ्रेड अगेनने लंडनमध्ये बॉयलर रूमसाठी वाजवलं. गर्दी इतकी अंगावर आलेली की ऐन रंगात मागच्या एकाचा हात चुकून मशीनला लागला आणि संगीतच बंद पडलं. लोक हसले, त्याने पुन्हा सुरू केलं. कोट्यवधी व्ह्यूज आले. आनंदाने ओसंडून वाहणारा व्हिडिओ आहे तो, खोटं कशाला बोलू, मलाही आवडतो. पण जुना चाहता तो बघतो तेव्हा त्याला दिसतं की आता तिकीट काढून येणारा माणूस संगीत ऐकायला येतोय तितकाच त्या व्हिडिओत असायलाही येतोय. पैसे देऊन आलेला प्रेक्षक स्वतःच जाहिरातीतला कलाकार, तोही बिनपगारी.

तिसरी गोष्ट अर्थातच पैसा. फुकट लाइव्हस्ट्रीमचं घर चालणार कसं? रे-बॅन, बॅलंटाइन्स व्हिस्की, बडवायझर असे ब्रँड आले. सुरुवातीच्या वर्षांत तिथे वाजवण्याचा खरा मोबदला प्रसिद्धी हाच असायचा. छोट्या डीजेला वाटायचं, एक व्हिडिओ चालला तर आयुष्य मार्गी लागेल. काहींचं लागलंही. २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने कोविडमध्ये अडकलेल्या कलासंस्थांना मदत दिली, त्यात बॉयलर रूमला सुमारे ७ लाख ९१ हजार पौंड मिळाले, तेव्हा छोटे क्लब चालवणाऱ्यांची कुजबुज उघड टीकेत बदलली. आमच्याकडे भाडं भरायला पैसे नाहीत आणि पैसे यांना का, असा तो सूर होता.

मालक कोण, मालकाचा मालक कोण

२०२१ मध्ये बॉयलर रूम 'डाइस'ने विकत घेतली. डाइस म्हणजे तिकिटांचं ॲप. तिकीट तुमच्या फोनलाच बांधलेलं, क्यूआर कोड कार्यक्रमाच्या थोडा आधी उघडतो, त्यामुळे काळाबाजार अवघड. चांगली कल्पना. पण या ॲपला एक गोष्ट नेमकी माहीत असते: कुठल्या शहरातला कोण, कुठल्या डीजेसाठी, किती पैसे मोजतो. व्हिडिओ बघणारे एका हाताला, तिकीट काढणारे दुसऱ्या हाताला. जोडी जमली. बॉयलर रूम हळूहळू व्हिडिओ कंपनीपेक्षा मोठ्या पार्ट्यांचा फिरता ब्रँड जास्त झाली.

जानेवारी २०२५ मध्ये डाइसने ती 'सुपरस्ट्रक्ट एंटरटेनमेंट'ला विकली. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तिचे फेस्टिव्हल ऐकले असतील: बार्सिलोनाचा सोनार, नेदरलँड्सचा अवेकनिंग्ज, लंडनचा फील्ड डे, असे ८० हून अधिक. सुपरस्ट्रक्ट उभी करणारा जेम्स बार्टन हा १९९२ साली लिव्हरपूलमध्ये सुरू झालेल्या क्रीम या डान्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक. क्लबवाला माणूसच पुढे फेस्टिव्हलांची साखळी उभी करतो, यातही या दुनियेचा प्रवास दिसतो.

आणि सुपरस्ट्रक्टचा मालक? २०२४ मध्ये ती 'केकेआर'ने घेतली. शाहरुखची टीम नव्हे! ही न्यूयॉर्कची प्रचंड मोठी प्रायव्हेट इक्विटी कंपनी. व्यवहाराची रक्कम बातम्यांमध्ये सुमारे १३० कोटी युरो अशी आली होती.

प्रायव्हेट इक्विटी म्हणजे काय, हे थोडक्यात. पेन्शन फंड आणि श्रीमंत गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करायचा, त्यात कर्ज घालायचं, चालती कंपनी विकत घ्यायची, काही वर्षं तिचा नफा फुगवायचा आणि जास्त किमतीला विकून मोकळं व्हायचं. जुनं घर घेऊन, रंगरंगोटी करून विकणाऱ्या बिल्डरसारखं, फक्त आकड्यांना काही शून्यं जास्त. यात बेकायदेशीर काही नाही. पण घरात राहणाऱ्याला आणि बिल्डरला घराकडून हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या असतात.

डीजे आणि चाहत्यांचा मुख्य आक्षेप मात्र नफ्यावर नव्हता. केकेआरची इस्रायलमधल्या टेक कंपन्यांत आणि डेटा सेंटरमध्ये गुंतवणूक आहे, आणि गाझातल्या युद्धाच्या काळात आपल्या नाचण्यातून मिळालेला नफा तिकडे पोचतोय हे त्यांना सहन होईना. बॉयलर रूमने स्वतः आधी पॅलेस्टाईनची बाजू उघडपणे घेतलेली, त्यामुळे ते जास्तच झोंबलं. मार्चमध्ये कंपनीच्या टीमने निवेदन काढलं: आमचा पाठिंबा कायम आहे, पण मालकी कुणाकडे जाते यात आम्हाला काही म्हणता आलं नाही. प्रामाणिक उत्तर होतं, पण त्याने आग विझली नाही. उलट जुन्या चाहत्यांना जे म्हणायचं होतं तेच त्यातून सिद्ध झालं: इथे वाजवणाऱ्यांना, नाचणाऱ्यांना, एवढंच काय, काम करणाऱ्यांनाही शब्द नाही.

मे महिन्यात फील्ड डेच्या निमित्ताने २०० हून अधिक कलाकारांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या, त्यात ब्रायन ईनोसारखी मोठी नावं होती. अनेकांनी कार्यक्रमातून नाव काढून घेतलं. जूनमध्ये सोनारमधूनही काही जण बाहेर पडले.

आता जरा आपल्याकडे वळू, कारण हा धागा तुमच्या हातातल्या फोनपर्यंत येतो. मे २०२० मध्ये याच केकेआरने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ११,३६७ कोटी रुपये घालून २.३२ टक्के वाटा घेतला होता. म्हणजे बॉयलर रूमवर बहिष्कार टाकल्याची पोस्ट तुम्ही जिओच्या डेटावरून टाकत असाल, तर हिशेब वाटतो तितका सरळ नाही. बहिष्कार फोल आहे असं मी म्हणत नाहीये. कलाकारांनी कार्यक्रम सोडले, त्यांचं मानधन गेलं, त्याला किंमत आहे. पण इतका मोठा फंड एवढ्या ठिकाणी पसरलेला असतो की एका पार्टीला न जाणं हे त्याच्या दृष्टीने कोपऱ्यातलं खरचटणं आहे. छोट्या डीजेचं मात्र त्यात महिन्याचं भाडं जातं. ज्याचं नाव मोठं तो नकार देऊनही उभा राहतो. ज्याची ती पहिली संधी होती त्याला आपण काय सांगणार?

'आमच्या वेळी असं नव्हतं'

नव्या पोरांचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं: काका, तुम्हाला फक्त जुनं तेच सोनं वाटतं. त्यात तथ्य आहेच. बर्लिनची लव्ह परेड १९८९ मध्ये दीडशेच्या आसपास लोकांनी सुरू केली. दहा वर्षांत तिथे दहा लाखांहून जास्त लोक येऊ लागले, आणि तेव्हाही जुने म्हणत होते की आता यात राम राहिला नाही. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर गोवा गिल आणि इतर डीजे कॅसेट आणि डॅट टेपवर रात्रभर वाजवायचे, कारण उन्हात व्हिनाइल रेकॉर्ड वाकायची. नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे युरोपातल्या दुकानातलं लेबल झालं आणि तिथल्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पुढे २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न आला, तिकीट, मंच, प्रायोजक सगळ्यासकट. प्रत्येक पिढीला वाटतं की खरी पार्टी आपण गेलो तेव्हाच होती.

शिवाय ही तक्रार करणाऱ्यांतले बरेच जण दारावरचे रखवालदार असतात. अमुक रेकॉर्ड माहीत नाही? मग तू खरा चाहता नाहीस. असल्या वृत्तीतून दार उघडलं ते इंटरनेटनेच. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले. शिकागोचा ॲसिड हाउसचा पहिला गाजलेला ट्रॅक त्याच टीबी-३०३ वर १९८७ मध्ये आला, म्हणजे पाच वर्षांनी. सिंगांची रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, नेटवर पसरली, आणि सत्तरीतले सिंग युरोपात जाऊन वाजवून आले. सगळं जुनं बंदिस्त जग तसंच राहिलं असतं तर हे नाव आपल्याला कळलंच नसतं.

तरीही मला जुन्या चाहत्यांचं दुःख खरं वाटतं. गर्दी वाढली म्हणून कुणी रडत नाही. लव्ह परेडचं पुढे काय झालं ते बघा: २००६ पासून तिची सूत्रं एका जिम साखळीच्या मालकाकडे गेली, आणि २०१० मध्ये डुइसबर्गमध्ये बोगद्याजवळच्या चेंगराचेंगरीत २१ जण मेले. त्यानंतर ती परेड कायमची बंद झाली. बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीने मार्च २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. त्याच वर्षाच्या शेवटी, वाढलेल्या खर्चापुढे हात टेकून, नदीकाठचा वॉटरगेट क्लब बंद झाला. कागदावर वारसा आणि दाराला कुलूप!

बॉयलर रूमच्या बाबतीत गेलेली गोष्ट कॅमेऱ्याइतकीच ठोस आहे. पंधरा वर्षांचे हजारो सेट एका चॅनलवर आहेत. ते वाजवले डीजेंनी, त्यातले ट्रॅक बनवले तिसऱ्याच कुणी, ते रंगले मागच्या गर्दीमुळे, आणि चॅनल मोठं झालं बघणाऱ्यांमुळे. पण रेकॉर्डिंग आणि नाव दोन्ही कंपनीची मालमत्ता, आणि कंपनी चार वर्षांत दोनदा विकली गेली. विकताना किंमत कशाला आली? या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या त्या ढिगालाच. हे फक्त संगीताचं नाही. तुम्ही ज्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर, ज्या सबरेडिटवर, ज्या ॲपवर फुकट वेळ घालता, तिथेही ढीग असाच बनतो.

मग पळून जायचं कुठे? स्वतंत्र कलाकारांचं हक्काचं ठिकाण म्हणून लोक बँडकॅम्पकडे बोट दाखवायचे, जिथे गाणं विकत घेतलं की मोठा वाटा थेट कलाकाराला जातो. तर ते २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सने घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकलं, आणि त्या फेऱ्यात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. साइट चालू आहे, कलाकारांना पैसेही मिळतायत, पण पुढच्या वर्षी मालक कोण असेल हे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

यातूनच २०२४ मध्ये 'सबव्हर्ट' नावाचा एक प्रयोग जाहीर झाला. रचना आपल्याला अनोळखी नाही: सहकारी संस्था. दूध संघासारखी. कलाकार, लेबल, श्रोते सभासद होतात आणि मालकीही सभासदांची, त्यामुळे परस्पर कुणाला विकून टाकणं सोपं नाही. पश्चिम महाराष्ट्रातला वाचक इथे मिश्किल हसेल, कारण सहकारात काय काय होतं हे त्याला कुणी शिकवायला नको. पण निदान वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारता येतो. बॉयलर रूमच्या बाबतीत ती सोय कुणालाच नव्हती.